मगनवाडीचा धडा आणि घरचा किराणा

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवताना, लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेल्या जे. सी. कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा व घाणीच्या तेलाचा जो पुरस्कार केला, त्यात आरोग्याइतकाच अर्थविवेकही होता. कारण तांदूळ पांढराशुभ्र करताना त्यातील सत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते, म्हणजे पैसे मोजूनही पोषण कमीच पदरी पडते.

आजच्या गृहस्थानेही हाच विवेक बाळगून, पहिल्या तारखेस किराण्याची रक्कम मुक्रर करावी, डब्यांतील शिल्लक तूरडाळ, ज्वारी, तेल मापून मगच यादी लिहावी, आणि प्रत्येक खरेदी त्याच दिवशी रोजकीर्दीत चढवावी. म्हणजे महिनाअखेर तूट नेमकी कोठे पडली, हे आपोआप उमगते. रक्कम संपली, की पुढील पहिलीपर्यंत उधारी नाही, एवढा एकच दंडक कसोशीने पाळावा.