मांडवीच्या किनारी अष्टविनायक

रत्नागिरीचे गणपती विसर्जनासाठी मांडवीच्या काळ्या वाळूवर येतात. त्या गजरात कानी पडणारे अष्टविनायकाचे महिमागीत मूळचे चित्रपटातील आहे, याचे भान भाविकास क्वचितच उरते.

राजदत्त दिग्दर्शित ‘अष्टविनायक’ १९७९ साली पडद्यावर आला. संगीत अनिल-अरुण यांचे. अनिल मोहिले व्हायोलिनचे, अरुण पौडवाल अकॉर्डियनचे जाणकार वादक. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेकडे आपण करमणूक म्हणूनच पाहतो. येथे मात्र पं. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या रागसंगीतातील गवयाने अनुराधा पौडवाल यांच्यासह गणेशवंदना गायिली. त्या स्वरानेच, आमच्या मते, चित्रपटगीतास देवघराचा उंबरठा ओलांडता आला.

आठही क्षेत्रांचा महिमा जगदीश खेबुडकरांनी एकाच गीतात गुंफला. यांतील पाच क्षेत्रे पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, एक अहिल्यानगरात. रत्नागिरीत एकही नाही. घाट चढून ही यात्रा करणे ज्या वृद्धांना साधले नाही, त्यांच्यासाठी हे गीतच यात्रा झाले. श्रवणाने यात्रेचे पुण्य लाभते काय, हे शास्त्रीपंडितांनी ठरवावे. वसंतराव १९८३ साली निवर्तले. त्यांची वंदना मात्र गणेशोत्सवात घराघरांतून ऐकू येतेच.