सामान बांधण्यापूर्वी लशींची वही उघडा

परदेशी जायचे ठरले की घरात पहिली धावपळ सुरू होते ती पासपोर्ट आणि व्हिसाची. मग तिकिटे, बॅगा, लोणची-मसाले, नातेवाइकांचे निरोप. डॉक्टरांची आठवण होते ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात, तीही ‘प्रवासात उलटी होऊ नये म्हणून एखादी गोळी द्या’ एवढ्यापुरती. आखाती देशात किंवा युरोपात चार दिवसांसाठी जाणाऱ्याचे त्यावर निभावूनही जाते. पण लेकराबाळांसह वर्षानुवर्षे राहण्यासाठी आफ्रिकेत जाणाऱ्या कुटुंबाला आरोग्याच्या तयारीला किमान तीन महिने लागतात.

आपल्या जिल्ह्यातील एक ख्रिस्ती कुटुंब मध्यंतरी माझ्या दवाखान्यात आले होते. नवरा शिक्षक, बायको नर्स. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात एका खेड्यात मिशनची शाळा व दवाखाना आहे, तेथे काम करण्यासाठी दोघांनी नाव दिले होते. सहा वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा. बाळाला सांभाळायला चौसष्ट वर्षांची आजीही काही महिने सोबत जाणार होती. निघायला आठ आठवडे उरले होते. “डॉक्टर, गेलो तर सगळे एकत्रच जाणार,” असे सरांनी सुरुवातीलाच बजावले. त्यांच्या निमित्ताने मी जे समजावले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

जुन्या काळी काय होत असे

मिशनरी कुटुंबे आणि आजारपण यांचा संबंध जुना आहे. १८१२ साली अमेरिकेतून भारताकडे निघालेल्या पहिल्या मिशनरींच्या तुकडीतील हॅरिएट न्यूवेल ही तरुणी मॉरिशसला पोचून त्याच वर्षी वारली. तिचे वय अवघे १९ वर्षांचे होते आणि तिचे नवजात बाळ त्याआधीच बोटीवर गेले होते. १८१३ मध्ये मुंबईत येऊन मराठी मिशनचे काम सुरू करणारे गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडील दौऱ्यात पटकीने दगावले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला तर ‘गोऱ्या माणसाची कबर’ असेच म्हणत. तेव्हा पटकी कशी पसरते, हिवताप डासामुळे होतो, हे कोणालाच माहीत नव्हते. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत दिसले ते १८९७ साली. पीतज्वराची आजही वापरात असलेली लस मॅक्स थायलर यांनी १९३७ साली तयार केली, त्याबद्दल त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मंडळींना जे ज्ञान नव्हते ते आज आपल्या हाती आहे. प्रश्न फक्त ते वेळेवर वापरण्याचा आहे.

पीतज्वर : लस एक, अटी अनेक

पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, हा विषाणूचा रोग आहे. ताप, कावीळ आणि गंभीर रुग्णांत रक्तस्राव होतो. त्यावर रामबाण औषध नाही, पण लस उत्तम आहे. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आढळतो. भारतात तो नाही. मात्र तो पसरवणारा एडिस डास, जो आपल्याकडे डेंग्यू पसरवतो, तो गावोगाव आहे. एक जरी रुग्ण विषाणू घेऊन आला तरी येथे साथ पसरण्याची भीती. म्हणूनच अशा देशातून प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला आपले सरकार विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. युगांडातही एक वर्षावरील प्रत्येक प्रवाशाकडे हे प्रमाणपत्र मागतात.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांतच, आधी नाव नोंदवून, ती घ्यावी लागते. प्रमाणपत्र ग्राह्य धरतात ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी. म्हणजे निघण्याच्या आठवड्यात लस घेतली तर उपयोग नाही. पूर्वी दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागे. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र जन्मभर चालते.

आता या कुटुंबाची अडचण पाहा. ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालील बाळाला ती देत नाहीत, कारण लहान अर्भकात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. बाळ तर सात महिन्यांचे. आई अंगावर पाजत होती. लशीतील विषाणू दुधावाटे बाळाला गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून नऊ महिन्यांखालील बाळाला पाजणाऱ्या आईनेही शक्यतो थांबावे. आणि आजी चौसष्टीच्या. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यात गंभीर त्रासाचे प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असते. पाच जणांपैकी आज विनाशंका लस घेऊ शकणारे दोघेच होते, सर आणि मुलगी.

सर नाराज झाले. “आम्ही सेवेला निघालो आहोत, देव सांभाळेल,” असे म्हणाले. मी म्हटले, “सर, श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तुमच्या दवाखान्यात लस न घेता आलेल्या आईला सिस्टर काय सांगतील?” उत्तर सिस्टरनीच दिले. “मी तिला परत पाठवीन आणि वेळेवर ये म्हणेन.”

मग कागद घेऊन तारखा मांडल्या. सरांनी ठरल्या दिवशी पुढे जावे, घर पाहावे, खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, पाण्याची सोय करावी. बाळाला नऊ महिने पुरे झाले की आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे गोवर-रुबेलाची पहिली लस असतेच. तीही जिवंत लस आहे. गोवराची आणि पीतज्वराची लस एकाच दिवशी दोन वेगळ्या जागी टोचता येते. तसे जमले नाही तर दोहोंत चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. दोन्ही एकाच दिवशी व्हाव्यात अशी वेळ आधीच ठरवून घेतली. त्याच दिवशी आईलाही लस. मग दहा दिवस जाऊ द्यायचे आणि निघायचे. एकूण फरक पडला सुमारे तीन आठवड्यांचा. आजींच्या बाबतीत निर्णय मी घेतला नाही. धोका समजावून सांगितला, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, “मी इथेच बरी.”

‘मलेरिया आम्हाला नवीन नाही’

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकतो आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. हिवतापाचे जंतू अनेक प्रकारचे असतात. थंडी वाजून ताप येणारा, त्रास देणारा पण क्वचितच जीव घेणारा मलेरिया आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतो. तो बहुधा व्हायवॅक्स जातीचा. आफ्रिकेत जोर आहे तो फाल्सिपेरमचा, जो आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आढळतो. तो मेंदूवर जाऊ शकतो आणि लहान मूल एक-दोन दिवसांत हातचे जाऊ शकते. जगातील मलेरियाच्या दर १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक आफ्रिकेत असतात.

तेथील मोठी माणसे मलेरियातून सहज उठतात, हे पाहून नवखा माणूस फसतो. लहानपणापासून वारंवार ताप येऊन त्यांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. ती कमावताना कित्येक मुले दगावलेली असतात. आपल्या मुलांच्या अंगात ती नाही. पुण्यात तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. पण ती रोगग्रस्त भागात वाढणाऱ्या मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. म्हणून उपाय जुनेच :

१) कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, गादीखाली नीट खोचलेली. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो.

२) संध्याकाळी अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम. बाळाच्या हाताला ते लावू नये, कारण हात तोंडात जातात.

३) प्रतिबंधक गोळ्या. काही आठवड्यातून एकदा तर काही रोज घ्यायच्या असतात. मेफ्लोक्विन निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करतात, मात्र मानसिक आजार किंवा फिट्स येणाऱ्याला ते देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालील मुलांना व गरोदर स्त्रियांना चालत नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर या गोळ्या आणू नयेत.

४) ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणे. ‘उद्या पाहू’ असे म्हणायचे नाही.

पाणी पिण्याचे आणि पाणी पायाखालचे

उकळलेले पाणी, हात धुणे, जलसंजीवनीची पाकिटे या गोष्टी आपल्या वाचकांना सांगायला नकोत. पण आफ्रिकेतील एक रोग आपल्याला जवळजवळ अपरिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५०च्या दशकात त्याची नोंद झाली होती, एवढाच काय तो महाराष्ट्राशी त्याचा संबंध. त्याचे नाव बिल्हार्झिया. याचे जंतू तळ्यातील विशिष्ट गोगलगायींत वाढतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात. पाणी प्यायलाच हवे असे नाही. युगांडातील व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हा रोग आहे. आपली मुले विहिरीत, नदीत डुंबत वाढतात. त्यांना तेथे तळ्यात पाय सोडून बसू नका, हे आधीच पटवून द्यावे लागते. लागण झाल्यास गोळ्यांनी तो बरा होतो, पण आधी तो आहे हे ध्यानात यायला हवे.

यांशिवाय विषमज्वर, कावीळ ‘अ’ व ‘ब’, धनुर्वात यांच्या लशी पुऱ्या आहेत का ते पाहावे. कावीळ ‘ब’ चा पूर्ण क्रम सहा महिन्यांचा असतो. खेड्यात राहणाऱ्यांनी कुत्रे चावण्याआधीची रेबीजची लसही घेऊन ठेवावी, कारण चावल्यावर ती जवळपास मिळेलच असे नाही. आणि हे सगळे करून मोटारसायकलवर हेल्मेटविना बसू नये. परदेशी प्रवाशांत संसर्गापेक्षा रस्त्यावरील अपघातांनी जास्त माणसे दगावतात. युगांडात ‘बोडाबोडा’ नावाच्या भाड्याच्या मोटारसायकली सर्रास धावतात.

मुलांच्या मनाचे काय?

१९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास रूथ यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी केला. ही मुले आईबापांच्या देशाची पूर्ण नसतात आणि ज्या देशात वाढतात त्याचीही पूर्ण नसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आता आपली मराठी मुलेही त्याच वाटेने चालली आहेत.

सहा वर्षांच्या मुलीला ‘फिरायला जाऊ’ असे सांगून नेऊ नये. कुठे, किती दिवस, आजी का येत नाही, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगावे. शाळेचा, मैत्रिणींचा, अंगणातल्या झाडाचा निरोप घेऊ द्यावा. रडली तर रडू द्यावे. ‘देवाच्या कामाला जाताना रडतात का?’ असे म्हणू नये. पुढे काही महिने ती अंथरूण ओले करू लागली, चिडचिडी झाली, आईला चिकटून राहू लागली, तर तो हट्ट नव्हे, दुःख आहे. आजीशी बोलण्याचा आठवड्यातला एक वार ठरवावा आणि तो चुकवू नये.

मोठ्यांचेही असेच असते. पहिले काही आठवडे उत्साहात जातात. मग झोप उडते, कामात मन लागत नाही, आणि सेवेला आलेल्या माणसाला ते कबूल करायची लाज वाटते. हा श्रद्धेतला उणेपणा नाही. महिनाभर असेच राहिले तर डॉक्टरांना भेटावे.

वेळापत्रक

तीन महिने आधी : सर्वांच्या लशींची वही, रक्तगट, दात व डोळे तपासणी. बाई गरोदर आहे का, कोणाला मधुमेह, रक्तदाब, फिट्स आहेत का, हे डॉक्टरांना सांगावे.

दोन महिने आधी : लशी सुरू कराव्यात, पीतज्वर केंद्रात नाव नोंदवावे.

एक महिना आधी : मलेरियाच्या गोळ्या ठरवून घ्याव्यात. नेहमीची औषधे तीन महिने पुरतील एवढी, मूळ नावाच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्शुलिन सामानात टाकू नये.

परतल्यावर : वर्षभरात केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे, “मी आफ्रिकेतून आलो आहे.”

मिशनचे काम असो, कंपनीची नोकरी असो की शेतीचा करार, हेच वेळापत्रक सर्वांना लागू पडते. आपल्या घरातील, आळीतील कोणी निघाले असेल तर हे कात्रण त्यांना जरूर दाखवा आणि तिकिटाची तारीख ठरवण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगा.