लॅपटॉप झोपतो नीट, पण उठताना का कोसळतो?

(ज्यांना हेडफोन लावायची सोय नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातलं थोडं कापलंय, मुद्दे तेच आहेत.)

आजचा विषय तसा रोजचाच. लॅपटॉपचं झाकण मिटलं, जेवून आलात, झाकण उघडलं आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, लाइट लागलाय, पण बाकी काहीच हलत नाही. किंवा निळी स्क्रीन येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू. अर्धवट लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट गेला, तो गेलाच. दुकानात नेलात तर एखादा सरळ सांगतो, "मदरबोर्ड गेलाय." असेलही. पण बऱ्याचदा दोष सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि तो घरबसल्या शोधता येतो. आज आपण विंडोजपुरतं बोलू.

झोप म्हणजे नेमकं काय?

झोपेचे तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिली जुनी स्लीप, तिला 'एस-थ्री' म्हणतात. यात प्रोसेसर बंद होतो, डिस्क बंद होते, फक्त रॅमला वीज चालू राहते. तुमचं उघडं काम त्या रॅममध्ये असतं. दुसरी हायबरनेट, म्हणजे 'एस-फोर'. यात रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. तिसरी मॉडर्न स्टँडबाय. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक हीच असते. ही फोनसारखी आहे: स्क्रीन बंद, पण आत अगदी कमी विजेवर थोडं काम चालू. बॅगेतून काढलेला लॅपटॉप कधी कधी गरम लागतो ना, त्यामागे बहुधा हीच असते.

आता गंमत बघा. झोपणं सोपं, उठणं अवघड. उठताना ग्राफिक्स, वाय-फाय, यूएसबी, डिस्क, प्रत्येकाला आपण कुठे होतो हे आठवून पुन्हा कामाला लागायचं असतं. हे काम ड्रायव्हर करतो. एकाच ड्रायव्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, तरी अख्खी सिस्टिम अडकते. निळ्या स्क्रीनवर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' दिसलं तर समजा, प्रकरण हेच आहे.

आधी बघा: मेलाय की नुसती स्क्रीन गेलीय?

कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आत कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडं काम तसंच राहतं. स्क्रीन परत आली तर पहिलं काम सेव्ह करायचं. आणि संशयित कोण, तेही कळलं: ग्राफिक्स.

दिवाच हलत नसेल तर मात्र पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवण्याशिवाय इलाज नाही.

मग पुरावा शोधा

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल. तिथे दिवसवार तक्ता असतो. लाल फुली कधीपासून सुरू झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय अपडेट झालं, ते बघा. अर्धं कोडं इथेच सुटू शकतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तो पंचनामा आहे, निकाल नाही.

आता दुरुस्ती, पण एका वेळी एकच बदल

पाच गोष्टी एकदम केल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. क्रम असा ठेवा:

१. शट डाऊन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. म्हणजे बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशी तशीच परत येऊ शकते. रीस्टार्ट मात्र कोरी सुरुवात देतो.

२. बाहेरचं सगळं काढा: डॉक, हब, पेनड्राइव्ह, जादा मॉनिटर. मग झोपवून उठवून बघा. ठीक चाललं तर एकेक परत लावा.

३. ग्राफिक्स, वाय-फाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलटं करा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'.

४. बायॉस अपडेट शेवटी. चार्जर लावूनच. आणि त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कुठे आहे ते बघून ठेवा, नाहीतर आपल्याच डेटाच्या दाराबाहेर उभं राहायची वेळ येईल.

५. तरीही चालू असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.

एक बारीक गोष्ट. दहा मिनिटांच्या झोपेतून नीट उठतो, पण रात्रभर ठेवल्यावर कोसळतो? मग शक्य आहे, की काही तासांनी मशीन स्लीपमधून हायबरनेटमध्ये गेलं आणि दोष तिथे आहे. अशा वेळी स्लीप तपासत बसणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं. थेट हायबरनेट करून बघा. त्यासाठी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून हायबरनेट मेन्यूत आणावं लागतं.

आणि उद्याच सबमिशन असेल तर?

मग दुरुस्ती राहू द्या. हायबरनेट नीट चालत असेल तर त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण मिटल्यावर हायबरनेट' असं करा. उठायला थोडा जास्त वेळ लागेल, दुधाची तहान ताकावर, पण काम वाचेल. हायबरनेटही कोसळत असेल तर 'काहीच करू नका' निवडा आणि उठण्यापूर्वी हाताने रीतसर बंद करा. झाकण मिटायच्या आधी कंट्रोल-एसची सवय मात्र दोन्हीकडे हवीच.

एवढं करूनही फरक पडला नाही तर दुकानात जा, पण रिकाम्या हाताने नको. निळ्या स्क्रीनचा फोटो, रिलायबिलिटी हिस्टरीचा स्क्रीनशॉट आणि काय काय करून झालं त्याची यादी फोनमध्ये ठेवा. "मदरबोर्ड गेलाय" म्हणणाऱ्याला मग एवढंच विचारा, "कशावरून?" ज्याला काम येतं, तो उत्तर देईल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, सेव्ह करत राहा!