नवी विंडोज, हरवलेले नेट

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली, संगणक व्यवस्थित सुरू झाला, फायली जागच्या जागी आहेत, पण नेट मात्र चालत नाही. ही तक्रार विंडोज एक्सपीच्या काळापासूनची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला, जुनी यंत्रे विंडोज ११ वर नेण्याचे काम निघाले आणि ती पुन्हा कानावर येऊ लागली. रायपूरसारख्या शहरात तिची रूपे ठरलेली आहेत. गुढियारीच्या ठोक बाजारात पेढीवरची बिले अडतात, सिलतराच्या कारखान्यात ई-वे बिल निघत नाही म्हणून भरलेला ट्रक फाटकावर उभा राहतो, तात्यापाऱ्यातल्या घरी नातवाशी व्हिडिओ कॉल होत नाही. तिन्ही ठिकाणांहून पहिला फोन जातो तो केबलवाल्याला, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या माणसाला गेलेला असतो.

अपग्रेड संगणकाच्या आत होते. खांबावरून आलेली फायबर, भिंतीवरचा ओएनटीचा डबा आणि राउटर यांना त्याची खबरही नसते. म्हणून पहिली तपासणी मोबाइलवर करावी. मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्याच वाय-फायला जोडला आणि एखादे संकेतस्थळ उघडले, तर लाइन ठीक आहे, दोष संगणकात आहे. मोबाइललाही नेट मिळत नसेल आणि डब्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर अपग्रेड आणि बिघाड एकाच दिवशी आले हा निव्वळ योगायोग. तेव्हा केबलवाल्यालाच बोलवावे लागेल. राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करण्याची अनेकांना हौस असते, ती मात्र आवरावी. त्याने राउटरमध्ये भरलेले कंपनीचे युजरनेम आणि पासवर्ड पुसले जातात, आणि जिथे एका संगणकाचे नेट गेले होते तिथे सगळ्या घराचे जाते.

दोष संगणकातच आहे हे ठरल्यावरचा पहिला उपाय इतका साधा आहे की सांगताना दुकानदारालाही संकोच वाटावा: रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. बिघडलेली स्थितीही त्याबरोबर परत येते. रीस्टार्टमध्ये सगळे मुळापासून सुरू होते. डिसेंबर २०१६ मध्ये, मुख्यतः ब्रिटन आणि युरोपात, विंडोज १० च्या अनेक यंत्रांचे नेट अचानक गेले होते. विंडोजमधली एक सेवा कोसळत होती आणि त्यामुळे संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळत नव्हता. मायक्रोसॉफ्टने मदतीच्या पानावर जी सूचना लावली, तिच्यात पहिला सल्ला रीस्टार्टचाच होता. पक्की दुरुस्ती १३ डिसेंबरच्या अपडेटमध्ये आली.

रीस्टार्टने भागले नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून त्यातील ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ची यादी पाहावी. यादीत वाय-फायचे नावच नसेल, किंवा नावापुढे पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर गेला आहे. ड्रायव्हर म्हणजे त्या विशिष्ट चिपशी बोलायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्रॅम. रिअलटेक, इंटेल, मीडियाटेक, क्वालकॉम अशा प्रत्येकाच्या चिपचा तो वेगळा असतो. अपग्रेडच्या वेळी विंडोज कधीकधी जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून आपल्याकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते. तो त्या चिपला मानवतोच असे नाही. जुना ड्रायव्हर अजून डिस्कवर असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या गुणधर्मांतले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येते. बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमके मॉडेल पाहून, ड्रायव्हर उतरवावा लागतो.

पण ड्रायव्हर उतरवायला नेट लागते आणि नेट चालायला ड्रायव्हर. चौबे कॉलनीत किंवा शंकरनगरात राहणाऱ्या निवृत्त जोडप्यांची मुले पुण्यात नाही तर हैदराबादेत असतात. एरवी ती दूरस्थ सॉफ्टवेअरने आईवडिलांचा पडदा आपल्याकडे घेऊन काम उरकतात. इथे तेही बंद. विंडोज ११ ची होम आवृत्ती कोरी टाकताना तर सुरुवातीलाच नेट मागते, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर त्या पडद्यावरच अडून बसते. यातून सुटायला खिशातला मोबाइल पुरतो. मोबाइलला चार्जिंगची केबल लावून तिचे दुसरे टोक संगणकात घालायचे आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचे. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे संगणकाला तो मोबाइल तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि नेट सुरू होते. हॉटस्पॉटचा इथे उपयोग नाही, कारण हॉटस्पॉट पकडायला वाय-फायच लागते. नेट आले की विंडोज अपडेटमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये अनेकदा हवा तो ड्रायव्हर आयता मिळतो.

अ‍ॅडॅप्टर दिसतो, वाय-फाय जोडलेलेही दाखवते, तरी काही उघडत नाही, असेही होते. मग पत्ता पाहायचा. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून एंटर दाबले की ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ची ओळ येते. घरच्या राउटरने दिलेला पत्ता सहसा १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर दोष कुठे आहे हे जवळजवळ कळले. नेटवर्कवर आलेला संगणक ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. हाकेला कुणीच ओ दिली नाही, तर तो १६९.२५४ च्या राखीव आकड्यांतून स्वतःच एक पत्ता घेतो. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरपी रेघ देऊन ‘रिलीज’ आणि मग तसेच ‘रिन्यू’ टाइप केल्यावर संगणक पुन्हा हाक मारतो, आणि कितीदा तरी एवढ्यानेच काम भागते.

कार्यालयांत उलटे घडते. छत्तीसगडची सरकारी कार्यालये चिप्स या राज्य संस्थेच्या देखरेखीखालच्या स्वान जाळ्याने जोडलेली आहेत. अशा जाळ्यांत आणि कित्येक खासगी कार्यालयांतही प्रत्येक यंत्राला पत्ता हाताने भरून दिलेला असतो. कोरी विंडोज टाकली की तो आकडा, त्याचा गेटवे आणि डीएनएस सगळे पुसले जाते. यंत्र डीएचसीपीला हाक मारत बसते आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसते. अपग्रेडच्या आधी त्याच ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरपी रेघ देऊन ‘ऑल’ टाइप करावे आणि पडद्याचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवावा. पुढचा अर्धा दिवस वाचतो. जुन्या पद्धतीने संगणकावरूनच डायल होणारी ब्रॉडबँड जोडणी असेल, तर तिचे युजरनेम आणि पासवर्डही लिहून घ्यावे.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या गल्लीतल्या नेटची खास आहे. काही स्थानिक पुरवठादार ग्राहकाच्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा कारखान्यातच पडलेला क्रमांक, आपल्याकडे नोंदवून घेतात आणि फक्त त्याच क्रमांकाला नेट देतात. राउटर न लावता तार थेट संगणकात घातलेली असेल, तर कार्ड बदलले की नेट अडते. वाय-फायच्या जाळ्यांवर, उदाहरणार्थ वसतिगृहांत, हाच क्रमांक पाहणारी यादी असते आणि तिथे विंडोजमधली ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ ही सोय आड येते. ती चालू असेल तर संगणक खरा क्रमांक लपवून बनावट क्रमांक पुढे करतो. विमानतळावर ही सोय चांगली. यादीने चालणाऱ्या जाळ्यावर ती बंद करावी.

पत्ता बरोबर आहे आणि तरीही पाने उघडत नाहीत, अशा वेळी ‘पिंग ८.८.८.८’ ही आज्ञा उपयोगी पडते. हा गूगलच्या नाव शोधून देणाऱ्या सेवेचा आकडी पत्ता आहे. तिथून उत्तर आले पण संकेतस्थळाचे नाव टाकून पान उघडले नाही, तर लाइन आणि पत्ता दोन्ही ठीक. नावावरून आकडा शोधणारी डीएनएसची व्यवस्था अडली आहे, किंवा ब्राउझर जुन्या प्रॉक्सीकडे जातो आहे. महाविद्यालयात असताना भरलेला प्रॉक्सी वर्षानुवर्षे सेटिंग्जमध्ये पडून राहतो आणि अपग्रेडनंतर नेमका आडवा येतो. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा प्रत्येक पानावर येत असेल तर घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की जुना संगणक तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटू लागतात.

खालच्या कोपऱ्यातले ‘नो इंटरनेट’ हे चिन्हही शंभर टक्के खरे मानू नये. विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या एका संकेतस्थळावरून छोटी मजकुराची फाइल मागवते. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते जसेच्या तसे मिळाले तर नेट आहे, नाही तर नाही, असा तिचा हिशेब. मध्ये एखादे व्हीपीएन किंवा फायरवॉल असेल तर ही फाइल अडते आणि नेट चालू असतानाही चिन्ह ‘नाही’ म्हणते.

व्हीपीएन आणि अँटिव्हायरस यांचा विचार खरे तर अपग्रेडच्या आधीच करायला हवा. हे प्रोग्रॅम नेटवर्कच्या वाटेवर आपली गाळणी बसवतात. येणारा-जाणारा प्रत्येक तुकडा तिच्यातून जातो. नव्या सिस्टिमला ती गाळणी ओळखता आली नाही की वाटच बंद होते. २०१५ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वरून विंडोज १० वर गेलेल्या काही यंत्रांचे तारेचे आणि वाय-फायचे, दोन्ही नेट जुन्या व्हीपीएनच्या अशाच उरलेल्या गाळणीमुळे बंद पडले होते आणि ती काढण्याच्या आज्ञा मायक्रोसॉफ्टला प्रसिद्ध कराव्या लागल्या. मॅकही यातून सुटलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकओएस सिक्वोया आली, तेव्हा अनेक सुरक्षा प्रोग्रॅम आणि व्हीपीएन वापरणाऱ्यांचे नेट अडखळले. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ॲपलने दुरुस्ती दिली. अँटिव्हायरस पुण्याच्या क्विक हीलचा असो की परदेशी कंपनीचा, त्याचा परवाना क्रमांक लिहून घ्यावा, अपग्रेडच्या आधी तो काढावा आणि नव्या सिस्टिमसाठीची आवृत्ती मागाहून टाकावी.

लिनक्सवर प्रकार वेगळा. २०१३ नंतर बहुतेक लिनक्स वितरणांनी नेटवर्क कार्डांना नावे देण्याची रीत बदलली. ‘ईटीएच-शून्य’ हे जुने नाव जाऊन कार्ड कोणत्या खाचेत आहे त्यावरून लांबलचक नाव येऊ लागले. पत्ता जुन्या नावाखाली लिहिलेला असेल तर अपग्रेडनंतर तो कुणालाच लागू होत नाही. फाइलमध्ये नाव बदलले की काम होते.

नेट आले, पण शेजारच्या टेबलावरचा संगणक दिसेनासा झाला, ही लहान पेढ्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी. टॅलीचा डेटा एका जुन्या यंत्रावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आणि तीन-चार टेबलांवरून त्यातच नोंदी, अशी व्यवस्था सर्रास असते. अपग्रेडनंतर ते फोल्डर उघडत नाही आणि दोष टॅलीवर ढकलला जातो. कारण असते एसएमबी या फायली वाटण्याच्या पद्धतीत. जुने यंत्र एक्सपीवर चालत असेल तर त्याला एसएमबीची पहिली आवृत्तीच येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट ती काढत आली आणि नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये ती आपोआप चालू नसते. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले: प्रो आवृत्तीत पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणे बंद केले.

दुकानातला मुलगा यावर झटपट तोडगा देतो, पहिली आवृत्ती पुन्हा चालू करून. फोल्डर उघडते, मालक खूश होतो, आणि वॉनाक्राय ज्या दाराने आला ते दार सताड उघडे राहते. हिशेबाचा सगळा डेटा ज्या यंत्रावर आहे, तिथे हा धोका पत्करण्यात शहाणपणा नाही. डेटा ठेवलेल्या यंत्रावर पासवर्ड असलेले एक खाते तयार करावे, बाकीच्या यंत्रांवर ते एकदा भरून ठेवावे आणि अपग्रेडने नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ केला असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करावा. डेटा अजून एक्सपीवर असेल तर तो तिथून हलवावा. शेअर केलेला प्रिंटर रुसला असेल आणि त्याला स्वतःचे नेटवर्क पोर्ट असेल, तर तो दुसऱ्या संगणकामार्फत न घेता थेट त्याच्या पत्त्याने जोडणे सोपे.

सेटिंग्जमधला ‘नेटवर्क रीसेट’ हा उपाय शेवटचा. तो सगळे अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा बसवतो. त्यात वाय-फायचे जपलेले पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते जातात, व्हीपीएनही पुन्हा टाकावे लागू शकते. अनेकजण सुरुवातच त्याने करतात आणि मग मूळ दोष काय होता हे कुणालाच कळत नाही. त्यानेही जमले नाही तर ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ने जुनी विंडोज परत आणता येते. ती मुदत फक्त १० दिवसांची असते. त्यानंतर जुन्या विंडोजचे फोल्डर आपोआप पुसले जाते, आणि ‘डिस्क क्लीनअप’ करताना ते आधीच पुसले गेले असेल तर तेवढेही दिवस मिळत नाहीत.