कणीस, कडबा आणि कुजणारे प्लॅस्टिक



गेल्या वैशाखात परभणीजवळ माझ्या मावसभावाच्या रानात गेलो होतो. वखर चालू होता आणि दर दहा पावलांवर बैल थांबवावे लागत होते. पासेला काळ्या चिंध्या गुंडाळल्या जात होत्या. टरबुजासाठी पूर्वी अंथरलेला मल्चिंग पेपर तो! नाव कागदाचे, जात प्लॅस्टिकची. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही कॉलेजात शिकवता. कडबा मातीत कुजतो, मग हे का कुजत नाही? आणि कुजणारं प्लॅस्टिक निघालंय म्हणतात, ते खरं का?"

या प्रश्नाचे उत्तर ज्वारीच्या ताटातच आहे. कणसाच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. धांड्यात सेल्युलोज असते. दोन्ही पदार्थ म्हणजे ग्लुकोज या एकाच साखरेच्या शेकडो-हजारो मण्यांच्या माळा. अशा माळेला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. मणी एकच, पण गाठ निराळी. पिष्टाची गाठ आपल्या पोटातील पाचकरस सोडवतात, म्हणून भाकरी आपली. सेल्युलोजची गाठ आपल्याला सुटत नाही. बैलाच्या पोटातील सूक्ष्म जंतूंना ती सुटते, म्हणून कडबा बैलाचा. या जंतूंचे भाऊबंद आणि बुरशी मातीतही असतात. पडलेला धांडा कुजतो तो त्यांच्यामुळेच.

पॉलिथिनचीही माळच असते, पण खनिज तेलातून केलेली. तिच्यात कार्बनला कार्बन थेट जोडलेला असतो. ही गाठ सोडवण्याचे साधन मातीतल्या जंतूंजवळ जवळजवळ नाहीच. उन्हाने तो कागद फाटतो, त्याचे बारीक तुकडे होतात, पण तुकडे होणे म्हणजे कुजणे नव्हे.

मग वनस्पतीपासून प्लॅस्टिक होईल का? अहो, सुरुवातीचे प्लॅस्टिक वनस्पतीचेच होते! अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० साली सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. सेल्युलोजवर नत्राम्लाची क्रिया करून त्यात कापूर मिसळला की सेल्युलॉइड होते, आणि सेल्युलोज मिळवायला आपल्या ओळखीचा कापूस पुरतो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तोही याच जातीच्या फिल्मवर. पण सेल्युलॉइड भराभर पेट घेई. पुढे खनिज तेलाचे स्वस्त प्लॅस्टिक आले आणि कापूस मागे पडला.

पिष्टाचे प्लॅस्टिक तर आपल्या घरात उन्हाळ्यात होते. कुरडया करताना गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात. तो शिजवला की दाटतो आणि पारदर्शक होतो. वाळला की कडक, ठिसूळ. शिक्षकांनी वर्गात हे करून दाखवावे. चिकाचा तळाला बसलेला साका वाळवून त्यातले एक चमचा पीठ घ्यावे. त्यात चार चमचे पाणी आणि पाव ते अर्धा चमचा ग्लिसरीन घालून मंद आचेवर घट्ट होईतो ढवळावे, आणि ताटलीत पातळ पसरावे. दोन-तीन दिवसांत वाकणारा पापुद्रा निघेल. ग्लिसरीन माळांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवर सरकू देते, म्हणून तो कुरडईसारखा मोडत नाही. आता तो पाण्यात टाका. बघा, फुगतो आणि लिबलिबीत होतो! पावसात हा पेपर रानात कसा टिकायचा? सारी अडचण इथेच आहे.

यावर दोन मार्गांनी काम चालले आहे. पहिल्या मार्गात पिष्टात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळून पापुद्रा मजबूत करतात. मुंबईत माटुंग्याला १९२४ सालापासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. सरकीवर उरलेल्या आखूड लवेपासून, म्हणजे लिंटरपासून, असे तंतू काढण्याचे काम तिथे झाले आहे. दुसऱ्या मार्गात साखर आंबवून दह्यातले लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि त्याची माळ गुंफतात. तिला पॉलिलॅक्टिक आम्ल म्हणतात. पुण्याजवळ जेजुरीला ऑक्टोबर २०२४ मध्ये याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू झाला.

पण इथे एक सावधगिरीची सूचना. पॉलिलॅक्टिक आम्ल चांगले कुजायला साधारण साठ अंश सेल्सियस उष्णता टिकून राहावी लागते. ती मोठ्या खतकारखान्यात मिळते, रानातल्या मातीत नाही. उलट, ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिन करतात. ते उसाचे असले तरी कुजत नाही. म्हणजे माल कशापासून झाला, हा एक प्रश्न, आणि तो कुठे, किती दिवसांत कुजतो, हा दुसरा. दुकानदाराला दोन्ही विचारावेत. आपल्याकडे कुजणाऱ्या पिशव्यांना आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लावतात, पण ते खतकारखान्यातल्या कुजण्याचे आहे. युरोपात २०१८ साली खास मल्चिंगसाठी मानक झाले. त्यानुसार चाचणीत दोन वर्षांच्या आत मातीत किमान नव्वद टक्के विघटन व्हावे लागते. आपल्या शेतकऱ्याला गरज आहे ती अशाच कसोटीची.

तोवर जुना पेपर हंगाम संपताच, फाटण्याआधी गोळा करावा. तो जाळू नये, नांगरून मातीतही घालू नये. आणि शाळांनी मृगाच्या सुमारास मैदानाच्या कोपऱ्यात चार वस्तू पुराव्यात: ज्वारीचा धांडा, सुती चिंधी, वर्गात केलेला पापुद्रा आणि पॉलिथिनचा तुकडा. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरून पाहावे. भावाच्या प्रश्नाचे उत्तर मी शब्दांत दिले. मुलांना ते माती स्वतः देईल.