‘हे आपल्या पोरायचं काम नाही’ : एक हट्टी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्यात चिखली असो, मेहकर असो की जळगाव जामोद, बारावीनंतरच्या किंवा पदवीनंतरच्या वाटांबद्दल बोलायला उभं राहिलं आणि परदेशी शिष्यवृत्ती, आंतरसांस्कृतिक संवाद, जागतिक शिक्षण हे शब्द उच्चारले, की मागच्या रांगेतून हमखास एक वाक्य येतं : ‘हे आपल्या पोरायचं काम नाही, सर.’ पालक म्हणाले तर मी समजू शकतो. त्यांनी दुष्काळ पाहिलाय, सोयाबीनचे पडलेले भाव पाहिलेत. अनोळखी वाटेला घाबरणं त्यांचा हक्क आहे. पण हेच वाक्य शिक्षक म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, तेव्हा चीड येते. कारण त्यांच्या एका वाक्यानं समोरची पन्नास मुलं अर्ज करण्याआधीच बाद होतात.

आंतरसांस्कृतिक संवाद आणि जागतिक शिक्षण या क्षेत्रात नेमकं काय करतात, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. वेगळी भाषा, धर्म, देश किंवा जीवनपद्धती असलेल्या माणसांना एकमेकांचं म्हणणं समजेल अशी व्यवस्था उभी करायची, आणि मुलांना आपल्या गावाचा जगाशी असलेला संबंध शिकवायचा. हे काम शिक्षक करतात, दुभाषे आणि अनुवादक करतात, समाजकार्यकर्ते, संग्रहालयातली माणसं, भाषा-संशोधक, विद्यार्थी-विनिमय चालवणाऱ्या संस्था करतात. त्यासाठी पदव्या आहेत, छोटे अभ्यासक्रम आहेत, पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत.

आता त्या वाक्याकडे वळू. त्याचा पहिला अर्थ असतो : ‘आपली पोरं मराठी शाळेतली.’

लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे या गावचे राजू केंद्रे शेतकरी कुटुंबातले. पुण्यात शिकायला गेले, पण तिथं टिकणं परवडलं नाही. पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेतली. मधल्या काळात मेळघाटात आदिवासींमध्ये काम केलं, मग तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण. 2021 मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’मध्ये गेले. त्यांनी 2017 साली सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था घरातल्या पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांना देशातल्या आणि परदेशातल्या नामवंत संस्थांपर्यंत पोचवण्याचं काम करते. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. तरीही लोणारपासून तासाभराच्या अंतरावरच्या कॉलेजात मला ‘मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीला तिकडं कोण विचारतं’ असं ऐकवलं जातं. विचारतात. मुक्त विद्यापीठाची पदवी विद्यापीठ अनुदान आयोगमान्य असते, आणि निवड करणारे त्या पदवीच्या काळात तुम्ही काय केलंत तेही पाहतात.

आणखी मागे जायचं तर धर्मानंद कोसंबी आहेत. गोव्यातल्या सांखवाळ गावात 1876 मध्ये जन्म, शालेय शिक्षण जेमतेम. बौद्ध धर्म समजून घ्यायचा या एका ध्यासानं घर सोडलं, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि 1910 मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला पोचले. इंग्रजी त्यांनी वाटेत, गरज पडली तशी शिकून घेतली. त्या काळी ना इंटरनेट होतं, ना मार्गदर्शन केंद्रं.

याचा अर्थ इंग्रजी लागत नाही असा मुळीच नाही. लागतं, आणि चांगलं लागतं : वाचलेलं समजणं, आपलं म्हणणं स्पष्ट लिहिणं, मुलाखतीत प्रश्न समजून उत्तर देणं. पण ही कमावण्याची गोष्ट आहे. रोज दोन तास वाचन आणि एक पान लेखन केलं तर पदवीधर मुलाला वर्ष-दीड वर्षात ती साधते. युरोपातले काही अभ्यासक्रम तर पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्रही चालवून घेतात. शाळा कुठल्या माध्यमाची होती हा प्रश्न कुठल्याच अर्जात मी निर्णायक ठरलेला पाहिला नाही.

दुसरा अर्थ : ‘आपल्याकडं दाखवण्यासारखं आहे काय?’ याचं उत्तर देताना माझा धीर सर्वांत जास्त सुटतो.

याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली भाषा बोलणारी माणसं राहतात. जेमतेम दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी या भाषेचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. मराठी आणि हिंदी आर्य कुळातल्या, शेजारची कोरकू मुंडा कुळातली, निहाली एकटी. कायपर नावाच्या डच अभ्यासकानं 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी अलीकडे तिचं दस्तऐवजीकरण केलं. भाषाशास्त्र शिकणाऱ्या परदेशातल्या विद्यार्थ्याला निहाली माहीत असते, आणि जळगाव जामोदच्या कॉलेजातल्या मुलाला ती ‘त्यांची काहीतरी बोली’ वाटते. धोक्यातल्या भाषांच्या दस्तऐवजीकरणासाठी आंतरराष्ट्रीय निधी आहे, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची 2013 पासूनची योजना आहे. या कामासाठी ते गाव, ती माणसं आणि तिथली मराठी आधीपासून जाणणारा मुलगा किती पुढे असेल, याचा विचार करा.

होळीच्या सुमारास याच जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर भरणारी यात्रा घ्या. हिंदू-मुसलमान दोघंही तिथं नवस बोलतात, मनोरुग्णांना घेऊन येतात. तिथं आरोग्याचं काम करायचं, तर श्रद्धा न दुखावता उपचाराबद्दल बोलता आलं पाहिजे. लोणारचं सरोवर 2020 मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. तिथं येणाऱ्या पाहुण्याला उल्कापात, दैत्यसूदनाचं मंदिर आणि गावकऱ्यांचं पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र समजावणारा माणूस लागतो. मराठी, उर्दू, हिंदी, गोरमाटी आणि कोरकू ज्या जिल्ह्यात रोज कानावर पडतात, तिथल्या मुलानं ‘माझ्याकडे अनुभव नाही’ म्हणणं मला पटत नाही.

मेहकरकडच्या एका मुलीनं शिष्यवृत्तीच्या अर्जातला निबंध वाचायला दिला होता. पहिल्या परिच्छेदात ती मेहनती होती, दुसऱ्यात तिला नेतृत्वाची आवड होती, तिसऱ्यात जग बदलायचं होतं. बोलता बोलता कळलं, की गोवरच्या लसीकरणाच्या वेळी एका बंजारा तांड्यानं परिचारिकेला परत पाठवलं होतं. ही मुलगी एका म्हाताऱ्या बाईंना सोबत घेऊन तिथं गेली, ओट्यावर बसली, बायका गोरमाटीत बोलत राहिल्या. आधीच्या लसीनंतर एका लेकराला मोठा ताप आला होता आणि तेव्हा कुणी विचारपूस केली नव्हती, राग त्याचा होता. मग ती परिचारिकेला पुन्हा घेऊन गेली, त्या लेकराच्या आईशी आधी बोलायला लावलं, आणि लसीकरण झालं. हे तिनं अर्जात लिहिलंच नव्हतं! ‘त्यात काय सांगायचं?’ असं तिचं म्हणणं. चेव्हनिंगच्या निबंधांत नेतृत्व आणि माणसं जोडण्याबद्दल जे विचारतात, त्याचं याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही. तिनं निबंध नव्यानं लिहिला; त्यात ‘मेहनती’ हा शब्द उरला नाही.

शाळेत शिकवणाऱ्यांनाही हेच सांगायचंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. आपल्याकडे चर्चा झाली ती पुस्तकांवरच्या क्यूआर कोडची, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकल्याची. त्यांचा दुसरा उपक्रम मागे पडला : भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण, अमेरिका-उत्तर कोरिया अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांची इंटरनेटवरून जोडी लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलतं करणं. आठ देशांतली 19,000 मुलं त्यात होती. आंतरसांस्कृतिक संवाद आणि जागतिक शिक्षण यांचं याहून नेमकं उदाहरण परदेशात शोधायला नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हा कुणाचा वैयक्तिक छंद राहिलेला नाही. जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती तर खास शाळाशिक्षकांसाठी आहे : किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, वय पस्तिशीच्या आत, सुमारे दीड वर्ष जपानी विद्यापीठात अभ्यास, खर्च त्यांचा. युनेस्कोची दिल्लीतली महात्मा गांधी संस्था 2012 पासून शांतता-शिक्षणावर काम करते. तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात.

तिसरा अर्थ उरला : पैसा. ही भीती खरी आहे आणि तिला थापा मारून उत्तर देऊ नये. स्वतःच्या खर्चानं परदेशात शिकायचं तर शेत विकावं लागेल, आणि ते कुणीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण पूर्ण शिष्यवृत्ती हा वेगळा मार्ग आहे. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शुल्क माफ आणि महिन्याला 1,400 युरो मिळतात, शिक्षण किमान दोन देशांत होतं. लाइपझिग विद्यापीठाच्या पुढाकारानं चालणारा ‘ग्लोबल स्टडीज’ त्यातलाच. राज्य सरकारची अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, 75 जागांची, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’ची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, इतर मागास, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या विभागांच्या योजना आहेत. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरच्या दोनशेत असण्याची अट लागते, हे आधी पाहून घ्या.

इथं एक खाचखळगा आहे, आणि तो नेमका आपल्या विषयाला लागतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या नियमांतून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. परदेशात जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या दलित, भटक्या, भूमिहीनांच्या मुलांवर हा अन्याय आहे, असं मला वाटतं. पण अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची नियमावली वाचणं तुमच्या हातात आहे; ती वाचाच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘एजंटाशिवाय होत नाही’ : चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट, इरास्मस, जर्मनीची डाड यांपैकी कुणीही अर्जाला पैसे घेत नाही, आणि सल्लागार कंपन्यांना विद्यापीठांकडून दलाली मिळत असल्यानं त्या तुम्हाला शुल्क भरून शिकायच्या जागाच दाखवतात. ‘तीन वर्षांच्या पदवीवर परदेशात जाता येत नाही’ : ब्रिटन आणि युरोपात बहुतेक ठिकाणी जाता येतं, फुलब्राइट-नेहरू मास्टर्ससाठी मात्र तीन वर्षांच्या पदवीपुढे आणखी शिक्षण लागतं. ‘शिकत असतानाच मिळतं, नोकरी लागली की संपलं’ : उलट चेव्हनिंगला किमान 2,800 तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. ‘रोटरीची शांतता फेलोशिप क्लबातल्या लोकांच्या मुलांना मिळते’ : रोटरीचे सक्रिय सदस्य आणि त्यांचे जवळचे नातेवाईक तिला अपात्र असतात; आणि आशियातल्या नव्या शांतता केंद्रासाठी रोटरीनं पुण्याचं सिंबायोसिस निवडलंय. ‘यासाठी परदेशातच जावं लागतं’ : जामिया मिलिया इस्लामियात शांतता आणि संघर्ष निवारणाचं केंद्र आहे, अझीम प्रेमजी विद्यापीठात गरजेनुसार शुल्क पूर्ण माफ होतं, आणि पुण्यात अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारे शिक्षकही हेच काम करतात.

‘यात नोकरी नाही’ हा आक्षेप एका ओळीत उडवून लावता येत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. या नावाची सरकारी भरती निघत नाही. बरीच कामं कंत्राटी, प्रकल्पापुरती असतात, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं उत्पन्न डळमळीत राहतं. ज्या घरात पुढच्या महिन्याचा किराणा या मुलाच्याच पगारावर आहे, त्यानं आधी हातात नोकरी घ्यावी. शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, पत्रकार असताना हे काम करता येतं, आणि दोन वर्षांचा तोच अनुभव पुढे अर्जात उपयोगी पडतो. पण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सहा-सात वर्षं घालवणाऱ्या मुलाला ‘ती वाट खात्रीची आणि ही बेभरवशाची’ असं सांगणाऱ्यांनी जागा किती आणि अर्ज किती ते एकदा कागदावर मांडावं.

चेव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, इरास्मस मुंडसच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात. पासपोर्टला 1,500 रुपये लागतात; तो आधी काढून ठेवा. शिफारसपत्र देतील असे दोन शिक्षक आजच ठरवा. आणि शिक्षकांना हात जोडून विनंती : मुलानं विचारलं तर ‘मला माहीत नाही, आपण मिळून शोधू’ एवढं तरी म्हणा.