मराठी शाळेला केवळ शिक्षक नकोत, पाठीशी यंत्रणाही हवी

शाळा सुरू झाल्या की सीमाभागात गावोगावी तीच चर्चा ऐकू येते. पहिलीत किती मुले आली? पटसंख्या किती घटली? यंदा कोणती शाळा बंद पडणार? या चर्चेत कोणी पालकांना दोष देतो, कोणी इंग्रजी माध्यमाला, तर कोणी आम्हा शिक्षकांना. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु गावची शाळा आणि बंगळूर यांच्यामध्ये शिक्षण खात्याची जी मोठी यंत्रणा उभी आहे, तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. शाळा खरोखर चालते की नुसतीच उघडी राहते, हे बऱ्याच अंशी या यंत्रणेवर अवलंबून असते.

यंत्रणा कशी आहे?

बेळगाव महसुली जिल्ह्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील शाळा पहिल्यात, तर निपाणी भागातील शाळा दुसऱ्यात येतात. प्रत्येक ठिकाणी शिक्षण उपसंचालक, त्यांच्या हाताखाली गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी डाएट ही संस्था आहे. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कर्नाटकातील पहिल्या चार जिल्ह्यांत कोलार, मंड्या आणि रायचूरबरोबर बेळगावची निवड झाली होती. याच कार्यक्रमातून तालुक्याला बीआरसी आणि काही शाळांच्या समूहाला सीआरसी ही साधन केंद्रे मिळाली. समूहासाठी नेमलेल्या सीआरपींनी शाळांना भेटी द्याव्यात, वर्गात बसावे, शिक्षकांच्या अडचणी समजून घ्याव्यात आणि समालोचन सभेत त्यांवर चर्चा घडवावी, अशी ही कल्पना. तपासणी करून शेरा मारणारा साहेब नव्हे, तर शिकवण्यात मदत करणारा सहकारी शाळेला मिळावा, हा तिचा गाभा होता.

ही कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. आमच्या समूहात एकदा मराठी जाणणारे सीआरपी आले होते. तिसरीच्या वर्गात ते तासभर मुलांचे वाचन ऐकत बसले. जोडाक्षर आले की पाच-सहा मुले अडखळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. वर्ग सुटल्यावर त्यांनी माझ्याशी त्यावर बोलून दोन उपाय सुचवले आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा येऊन तीच मुले वाचतात का हे पाहून गेले. शेरेबुकात त्यांनी काय लिहिले हे आज मला आठवत नाही. ती मुले वाचू लागली, हे मात्र आठवते.

मदत पोचते का?

प्रत्येक शाळेच्या वाट्याला असे सीआरपी येत नाहीत. ज्यांना मराठी वाचता येत नाही, ते वर्गात येऊन करणार तरी काय? हजेरीपट पाहतात, माध्यान्ह आहाराची नोंद पाहतात, शौचालय पाहतात आणि सही करून जातात. यात त्या व्यक्तीचा दोष नाही. मूल काय वाचते आहे हेच ज्याला कळत नाही, त्याने ते कसे वाचते आहे हे कसे सांगावे?

प्रशिक्षणाचीही तीच कथा. गणिताच्या एका कार्यशाळेला आम्ही गेलो होतो. साहित्य चांगले होते, मार्गदर्शकही तळमळीने बोलत होते. पण सारे कानडीतून. ज्यांना कानडी येते ते शेजारच्याच्या कानात भाषांतर सांगत होते आणि त्या नादात दोघांचेही अर्धे निसटत होते. परत येताना हातात आलेली पुस्तिका कानडी. ती आम्ही सुट्टीत बसून मराठीत उतरवली, तेव्हा कुठे ती वर्गात उपयोगी पडली.

परिपत्रकांबद्दल तर काय सांगावे! एकदा एका योजनेसाठी एसडीएमसीच्या ठरावाची प्रत मुदतीत द्यायची होती. परिपत्रक कानडीत. समितीत बहुतेक शेतकरी आणि मजुरी करणाऱ्या माता. अर्थ लावून, सभा भरवून ठराव होईपर्यंत मुदत टळून गेली. कार्यालयात चौकशी केली तेव्हा 'वेळेत का दिले नाही?' एवढाच प्रश्न समोर आला. नुकसान मुलांचे झाले.

कायदा काय म्हणतो?

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात, असे घटनेचे ३५० अ कलम सांगते. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असल्यास मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असे ठरले होते. केंद्र शासनाच्या संरक्षण योजनेनुसार ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हव्यात. खानापूर तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण याहून कितीतरी अधिक आहे. शिक्षण हक्क कायदाही, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे म्हणतो.

कर्नाटकात मराठी पाठ्यपुस्तके छापली जातात आणि दहावीची परीक्षाही मराठीतून देता येते. हे मान्य केलेच पाहिजे. पण 'पुरेशा सोयी' म्हणजे केवळ इमारत, पुस्तक आणि शिक्षक नव्हेत. त्या शिक्षकाला मदत करणारी यंत्रणा त्याच्या वर्गाची भाषा जाणणारी असणे, हीदेखील सोयच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कानडीला आमचा विरोध नाही. आमची मुले कानडी शिकतात, शिकलीच पाहिजेत. बाजारात, कचेरीत, नोकरीत तिच्यावाचून चालणार नाही. जत आणि अक्कलकोट भागातील कन्नड शाळांनाही महाराष्ट्रात हीच घटना आणि हेच हक्क लागू आहेत. तेथील कन्नड शिक्षकाला कन्नड जाणणारा मार्गदर्शक मिळावा, असे आम्हीही तितक्याच ठामपणे म्हणू.

काय करता येईल?

या मागण्यांसाठी सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या समूहात मराठी शाळा अधिक आहेत तेथे मराठी वाचता येणारे सीआरपी नेमावेत. डाएट आणि बीआरसीने मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र वर्ग घ्यावेत. त्यासाठी याच जिल्ह्यातील अनुभवी मराठी शिक्षक मार्गदर्शक म्हणून मिळू शकतात. मुदत असलेल्या परिपत्रकांची मराठी प्रत सोबत द्यावी. पाठ्यपुस्तकांची मागणी नोंदवताना माध्यमनिहाय आकडा वेळीच घ्यावा.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. एसडीएमसीच्या सभा नियमित भराव्यात आणि त्यांचे इतिवृत्त मराठीत लिहिले जावे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे कामच आहे. त्यात मराठी जाणणाऱ्या मार्गदर्शकाची मागणी नोंदवावी. भाषणात केलेली तक्रार हवेत विरते, तर ठरावाला क्रमांक आणि तारीख असते. त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही, तर तोच ठराव भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवता येतो.

मोर्चे आणि सभा आपण पुष्कळ पाहिल्या. त्यांचे मोल कमी नाही. पण तिसरीच्या वर्गात एखादे मूल जोडाक्षराशी अडले असेल, तर त्याला मोर्चाने वाचता येणार नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच भाषेत ऐकणारे कोणीतरी हवे. तेवढ्या मागणीचा ठराव पुढच्या एसडीएमसी सभेत प्रत्येक मराठी शाळेने करावा, एवढीच विनंती.